दुबार पेरणीचं बी कोणाचं?

प्रश्न विचारणारा तिशीतला आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला वडिलांनी उभं केलेलं बोल्ट आणि पिनांचं युनिट, चाळीस माणसं, आणि ऐंशी टक्क्यांच्या वर माल एकाच दुचाकी कंपनीच्या साखळीत जातो. जर्मनीत शेतीची अवजारं बनवणाऱ्या एका मध्यम कंपनीनं त्यांना विचारलंय: वर्षाला ३० टन बोल्ट द्या, तीन वर्षं एकच भाव, टूलिंग (बोल्ट घडवायचे साचे, म्हणजे डाय) तुमच्या खर्चानं, प्रत्येक लॉटसोबत कार्बनचा आकडा (तो बनवताना किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला), आणि जमलं तर कमी ऊर्जेत तयार होणारा बोल्ट आपण मिळून विकसित करू. नाना, म्हणजे त्याचे वडील, म्हणतात, "जग पेटलंय, रोज नवं टॅरिफ निघतंय, आत्ता हात घालायचा नाही." मुलगा विचारतो, काय करावं?

मी याच धंद्यात एकतीस वर्षं आहे, त्यातली अठरा निर्यातीत. म्हणून जरा लांबण लावतो.

आधी नानांबद्दल. त्यांचं म्हणणं भित्रेपणाचं म्हणून उडवून लावू नका. २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकेनं बाहेरून येणाऱ्या लोखंडी मालावर २५ टक्के शुल्क लावलं आणि जूनमध्ये ते ५० वर नेलं, बोल्टसुद्धा त्यात आले. आमच्याच गल्लीतल्या एकानं तिकडच्या पार्टीला दारापर्यंत पोचता भाव दिला होता, म्हणजे तिकडचं शुल्कही याच्याच डोक्यावर. चार कंटेनर पाण्यावर असताना शुल्क दुप्पट झालं. नाना हे सगळं ऐकून आहेत. पण एकाच गिऱ्हाइकावर ऐंशी टक्के धंदा ठेवणं हीसुद्धा अनिश्चितताच की. रोजच्या सवयीची झाली म्हणून ती दिसत नाही, एवढंच. उद्या ती कंपनी इलेक्ट्रिक गाड्यांकडे वळली आणि इंजिनातले बोल्ट कमी झाले, तर तो फोन जर्मनीहून येणार नाही, आपल्या वाळूजशेजारच्या पंढरपूरच्या चौकापलीकडूनच येईल.

तेव्हा हात घालायचा की नाही हा माझ्या मते प्रश्नच नाही. कोणत्या बोलीवर घालायचा, हा आहे.

माझं गाव पैठण तालुक्यातलं. जमीन दुसऱ्याला कसायला द्यायच्या आमच्याकडे दोन तऱ्हा, ठोका आणि बटई. ठोक्यात पाडव्याला आकडा ठरतो आणि विषय संपतो. पाऊस पडो, न पडो, कापसाला भाव येवो, न येवो, ठरलेले पैसे मालकाच्या हातात पडले पाहिजेत. बटईत, म्हणजे वाट्याच्या शेतीत, तसं नसतं. बी कोणाचं, खत निम्मं-निम्मं का, फवारणी कोणाची, वेचणीची मजुरी कोणी द्यायची, हे ओट्यावर बसून तासभर बोललं जातं. आणि माझे वडील शेवटी एक प्रश्न हमखास विचारायचे: "पाऊस उघडला तर दुबार पेरणीचं बी कोणाचं?" समोरचा हसून "बघू की तेव्हा" म्हणाला, तर वडील उठायचे. त्याला जमीन देत नसत.

जर्मन पार्टीनं तुम्हाला जे पाठवलंय तो ठोका आहे. तीन वर्षं एकच भाव, म्हणजे बोल्टची तार महागली, भाडं वाढलं, युरो खाली आला, सगळं तुमच्या वाट्याला. यात तिचा कावा आहे असं मी म्हणत नाही. तिच्या खरेदी विभागाचा छापील नमुनाच तसा असतो आणि कोणी काही बोललं नाही की तो तसाच सहीला येतो. तुम्ही बोलायचं आहे.

बोलायची ताकद कुठून येते तेही समजून घ्या. ती कंपनी वाळूजच्या प्रेमात पडून आलेली नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत युरोपनं चीनच्या लोखंडी बोल्टवर २२.१ ते ८६.५ टक्क्यांपर्यंत अँटी-डंपिंग शुल्क (पडत्या भावात माल ओतण्याविरुद्धचं) बसवलं, तेव्हापासून तिकडचे खरेदीवाले दुसरी दारं ठोठावत फिरताहेत. गरज दोघांची आहे. पण याच गोष्टीला दुसरी बाजूही आहे. असं शुल्क पाच वर्षांचं असतं. २०२७ च्या फेब्रुवारीत मुदत भरते, फेरतपासणी झाली तर पुढे चालतं, नाहीतर उठतं. तुमचा तीन वर्षांचा करार ही तारीख ओलांडून जातो. म्हणजे भाव तीन वर्षं बांधलेला तुम्ही, आणि शुल्क उठलं की चीनकडे परत जायला मोकळी ती! म्हणून भाव बांधायचा असेल तर मालाचं प्रमाणही बांधून मागा. वर्षाला किमान अमुक टन उचलणार, नाही उचलला तर टूलिंगचा उरलेला खर्च देणार. एवढी एक ओळ मिळाली तरी माझ्या मते अर्धा करार झाला.

तारेचं सोपं आहे, आपल्याकडच्या मोठ्या कंपन्यांशीही तुम्ही तेच करता. तारेचा भाव तिमाहीला बघायचा, ठरलेल्या पट्ट्याच्या बाहेर गेला तर बोल्टचा भाव तेवढा वर-खाली. युरोचंही तसंच. गेल्या काही वर्षांत युरो नव्वदीतून शंभरावर गेला, म्हणून सगळे निर्यातवाले खूश आहेत आणि कोणी फॉरवर्ड कव्हर घ्यायला, म्हणजे पुढच्या तारखेचा दर आजच बांधून घ्यायला, बँकेत जात नाही. तुम्ही जा. निदान निम्म्या रकमेचं घ्या. चलनावर कमाई करणं हा आपला धंदा नाही.

भाड्याचं मात्र माझ्या अंगावर आलेलं आहे, ते सांगतो. एका इटालियन पार्टीला मी जहाजभाड्यासकट भाव दिला होता, वर्षभराचा. तोवर भाडं इतकं स्थिर होतं की कोटेशनमध्ये ते मी कधी वेगळं दाखवलंच नव्हतं. २०२३ च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. सुएझचा रस्ता सोडून बोटी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागल्या, दहा-पंधरा दिवस जास्त. नंतरच्या काही महिन्यांत कंटेनरचं भाडं असं चढलं की त्या मालात मला जो नफा होता तो सगळा बोटवाल्याला गेला आणि वर खिशातून भर घालावी लागली. पार्टीला म्हणालो, थोडं तुम्ही सोसा. ती म्हणाली, करारात दाखवा कुठे लिहिलंय. बरोबरच होतं तिचं, माझ्या दुबार पेरणीचं बी मीच घेतलं होतं, न बोलता. तेव्हापासून माझा भाव न्हावा-शेव्याच्या बंदरापर्यंतचा. समृद्धीवरून ट्रक तिथे पोचवणं माझं काम, पुढची बोट त्यांची. बदल्यात सहा आठवड्यांचा साठा त्यांच्या गोदामात ठेवतो आणि त्या साठ्यात अडकलेल्या पैशाचं व्याज निम्मं-निम्मं. बोट उशिरा आली तरी त्यांची लाइन थांबत नाही. ही बटई.

आता कार्बनच्या आकड्याकडे येतो, कारण यावर सल्लागार लोक सध्या भरपूर घाबरवून पैसे काढताहेत.

युरोपचा सीमेवरचा कार्बन-कर, ज्याला सगळे सीबॅम म्हणतात, १ ऑक्टोबर २०२३ पासून फक्त माहिती गोळा करण्यापुरता होता. १ जानेवारी २०२६ पासून त्यात पैशाचा हिशेब सुरू झाला. बोल्ट, नट, स्क्रू यांचा ७३१८ हा कस्टमचा कोड त्याच्या यादीत आहे. पैसे तुम्ही भरायचे नाहीत, तिकडचा आयातदार भरतो. २०२६ मध्ये आलेल्या मालाची प्रमाणपत्रं तो २०२७ च्या फेब्रुवारीपासून विकत घेणार. पण किती घ्यायची हे तुमच्या आकड्यावर ठरतं. तुम्ही पडताळलेला आकडा दिला नाही तर सरकारी ठोकळ आकडा लागतो आणि तो मुद्दाम चढा ठेवलेला असतो.

तुम्हाला कोणीतरी सांगितलेलं दिसतंय की वर्षाला ५० टनांच्या आत सूट आहे, आपले ३० टनच आहेत. सूट खरी आहे, पण ती आयातदाराच्या वर्षभराच्या एकूण आयातीवर. त्याचे सगळे पुरवठादार आणि यादीतला सगळा माल, लोखंड आणि ॲल्युमिनियमसकट, एकत्र धरून ५० टन. अवजारं बनवणारी कंपनी तेवढ्यावर थांबेल असं वाटत नाही. तरी पहिल्याच मेलमध्ये विचारून घ्या.

दुसरी गोष्ट, छपरावर सोलर बसवून हा आकडा कमी होईल असं समजू नका. सोलर जरूर बसवा, वीजबिलासाठी बसवा. पण सीबॅममध्ये लोखंडी मालासाठी विकत घेतलेल्या विजेचं उत्सर्जन सध्या धरतच नाहीत. बोल्टचा आकडा मुख्यतः ठरतो तो तार कुठल्या कारखान्यातून आली त्यावर. कोळशाच्या झोतभट्टीतलं पोलाद म्हणजे टनाला दोन टनांच्या वर कार्बन डायऑक्साइड. भंगार वितळवून केलेलं त्याच्या निम्म्याहूनही बरंच कमी. हे ऐकून काहीजण लगेच म्हणतात, मग शेजारी जालना आहेच की. जालन्याच्या भट्ट्या भंगारावर चालतात हे खरं, पण सोबत कोळशावर केलेलं स्पंज आयर्न किती घालतात त्यावर आकडा कुठल्या कुठे जातो. आणि जालन्याची सळई स्लॅबसाठी उत्तम आहे, तिचा बोल्ट होत नाही. आपल्याला कोल्ड हेडिंगची, म्हणजे न तापवता ठोकून बोल्टचं डोकं काढता येईल अशी तार लागते, ती देणारे मोजके. त्यांच्याकडून हीटनिहाय (हीट म्हणजे भट्टीतला एक घाणा) आकडा मागणं आणि तो पडताळून मिळवणं हेच खरं काम, आणि त्यासाठी वाळूजच्या चाळीस माणसांच्या युनिटचं वजन कमी पडतं. ते पत्र जर्मन कंपनीला लिहायला लावा. तार कारखाना तिचं ऐकेल. पडताळणीचं बिल कोणी भरायचं हेही त्याच बैठकीत ठरवा.

तुमच्याकडून एकच गोष्ट लागते, कोणता बोल्ट कोणत्या हीटच्या तारेचा हे सांगता आलं पाहिजे. कागदावर ते सगळ्यांनाच येतं. शॉपवर काय होतं ते बघा. कॉइल उतरवताना हमालांच्या हातून अर्धी लेबलं फाटतात. उरलेली पिकलिंगच्या, म्हणजे तारेचा गंज काढायच्या, ॲसिडात विरघळतात. मग सुपरवायझर खडूनं जमिनीवर लिहितो, आणि झाडूवाली ते पुसते. आम्ही बारकोडवाल्याला बोलावलं, त्याचं प्लास्टिकही टिकलं नाही. शेवटी आमच्या स्टोअरच्या माणसानं गुलमंडीच्या बाजारातून स्टीलच्या जेवायच्या डझनभर थाळ्या आणल्या, त्यांच्या पट्ट्या कापल्या, हातपंचानं नंबर ठोकले आणि बाइंडिंग वायरनं कॉइलला बांधले. ॲसिडातून, चुन्यातून, तार ओढायच्या ड्रॉइंगमधून ती पट्टी कॉइलसोबत जाते आणि शेवटी बोल्टच्या पेटीत पडते. इटलीहून ऑडिटर आला तेव्हा त्यानं बाकी सगळ्या फायली ओझरत्या पाहिल्या आणि त्या पट्टीचा फोटो काढून नेला.

'मिळून विकसित करू' हा प्रस्तावातला भाग तुम्हाला शोभेचा वाटला असेल. मला तोच सगळ्यात कामाचा वाटतो. नेहमीचा ८.८ ताकद-वर्गाचा बोल्ट आपण कसा करतो? तार मऊ करायची, हेडिंग (डोकं), थ्रेडिंग (आटे), मग भट्टीत तापवून तेलात विझवायची, पुन्हा ४२५ अंशांच्या वर तापवून टेम्पर. दोनदा-तीनदा भट्टी. मायक्रोअलॉय, म्हणजे किंचित दुसरे धातू मिसळलेली, तार घेतली तर ताकद ओढकामातूनच येते, नंतरची हीट ट्रीटमेंट वाचते. गॅस वाचतो, तेल वाचतं, त्या जळक्या तेलाची विल्हेवाट वाचते, बोल्ट वाकडा होण्याचा त्रास वाचतो. मग सगळे हेच का करत नाहीत? एक तर तार कडक, त्यामुळे डाय लवकर मरतात. आणि दुसरं, आयएसओ ८९८-१ हे मानक ८.८ ला क्वेंच-टेम्पर, म्हणजे तेच विझवणं आणि पुन्हा तापवणं, मागतं. म्हणजे असा बोल्ट कितीही चांगला निघाला तरी मानकाच्या नावानं बाजारात विकता येत नाही. जो वापरणार त्याच्या इंजिनिअरनं आपल्या अवजारावर तपासून सही करावी लागते. हे तुम्ही वाळूजमध्ये बसून एकट्यानं करूच शकत नाही आणि ते जर्मनीत बसून एकटे करू शकत नाहीत. तिकडे नांगराला लावून तोडून बघायची सोय आहे, इकडे रात्रपाळीत डाय बदलून बदलून कोन जुळवणारा फिटर आहे. एरवी सहकार्य हा शब्द भाषणातच ऐकू येतो, इथे त्याला खरंच काम आहे.

फक्त चाचण्यांत मेलेल्या डायचा खर्च कोणाचा, ते लिहून घ्या. माझ्या अनुभवात अशा कामात सगळ्यात जास्त पैसा तिथे जातो आणि त्यावरच रुसवे होतात. आणि निघालेली पद्धत कोणाची? मी असं लिहितो: आधी जे माझं होतं ते माझं, तुझं ते तुझं, मिळून जे निघेल ते शेतीच्या अवजारांपुरतं फक्त तुला, बाकी सगळीकडे दोघांनाही मोकळीक. उद्या तोच बोल्ट तुम्हाला दुचाकीत घालता आला पाहिजे. वाट्याचा प्रश्न पुढे ढकलला की काय होतं ते मोठ्यांचंही पाहिलंय आपण. लातूरच्या कोच फॅक्टरीतल्या वंदे भारत स्लीपरसाठी रशियन आणि भारतीय कंपन्या एकत्र आल्या, १२० गाड्यांचं काम मिळालं, आणि भागीदारीत कोणाचा किती हिस्सा यावरूनच काही महिने अडून बसले. त्यांना ते परवडतं, वकील पगारी असतात. आपल्याला नाही परवडत.

टिकाऊपणाची भाषा सुरू झाली की आपल्याकडचे लोक ब्रोशर छापायला धावतात. आम्हाला ती अक्कल दुष्काळानं दिली. २०१६ च्या एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मद्याच्या कारखान्यांचं पाणी आधी निम्म्यावर आणि पुढे त्याहूनही खाली आणलं, आम्हा बाकीच्यांचं आधी २० आणि पुढे २५ टक्क्यांनी कापलं. तिकडे लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, आम्ही काय तोंडानं ओरडणार? तेव्हा प्लेटिंगच्या (मुलाम्याच्या) धुलाईच्या तीन टाक्या एकमेकींना उलट्या जोडल्या. ताजं पाणी शेवटच्या टाकीत, तिथलं वापरलेलं मधल्या, तिथलं पहिल्या. पाणी निम्म्याच्या खाली आलं, ॲसिडही कमी वाया जाऊ लागलं, आणि पाऊस आल्यावरही आम्ही ते बदललं नाही. युरोपची पार्टी आली की मी हे आधी दाखवतो. तुमच्याकडेही २०१६ चं असं काहीतरी नक्की असेल. नानांना विचारा.

अजून एक, बोलण्याच्या सवयीबद्दल. आपण फोनवर "हो, करून टाकू" म्हणतो, त्याचा अर्थ "ऐकलं" एवढाच असतो. तिकडे ते वचन समजतात आणि तारीख टाकून ठेवतात. नाही जमणार ते नाही म्हणा, ते रागवत नाहीत. एकदा आमच्या बाहेरच्या प्लेटिंगवाल्यानं १२.९ वर्गाच्या, म्हणजे फार ताकदीच्या, ॲलन बोल्टचं बेकिंग वेळेत केलं नाही. मुलाम्यानंतर काही तासांतच भट्टीत घालायला हवेत, नाहीतर हायड्रोजन आत राहतो आणि आवळल्यावर दोन दिवसांनी डोकं उडतं. त्याच्या भट्टीच्या नोंदी चाळताना आम्हाला हे कळलं तोवर कंटेनर निघून गेला होता. मी रात्री घाम पुसत इटलीला फोन केला, माल लावू नका म्हणालो. नवा माल विमानानं पाठवला, त्या वर्षीचं जे काही राहिलं होतं ते गेलं. पण पुढच्या वर्षीची ऑर्डर त्यांनी न घासाघीस करता वाढवली, त्याचं कारण तो फोन, असं त्यांच्या खरेदीवाल्यानं जेवताना सांगितलं.

पैशाचं थोडक्यात: टूलिंगचे पैसे त्यांच्याकडून निम्मे आधी, निम्मे मालाच्या भावात. पहिल्या वर्षी ईसीजीसी या सरकारी कंपनीचा, पार्टीनं पैसे बुडवले तर भरपाई देणारा विमा घ्याच, पार्टी कितीही सभ्य वाटली तरी. पहिला लॉट दोन टनांचा मागा, ३० टन नंतर. आणि ही पार्टी तुमच्या क्षमतेच्या पाचव्या हिस्स्याच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर एकाच्या दावणीतून सुटून दुसऱ्याच्या दावणीला बांधल्यासारखं होईल. वाटाघाटीच्या व्हिडिओ कॉलला नानांना शेजारी बसवा. इंग्रजी तुम्ही बोला, पण तारेचा विषय निघाला की त्यांच्याकडे बघा.

उत्तर आजच्या आज लिहायची घाई नको. उद्या सकाळी गोदामात जा, मागच्या महिन्यात भरलेल्या कुठल्याही पेटीतला एक बोल्ट उचला आणि तो कोणत्या हीटच्या तारेचा आहे ते शोधायला सांगा. संध्याकाळपर्यंत सापडलं तर जर्मनीला मेल लिहायला बसा. नाही सापडलं तर आधी गुलमंडीवर जाऊन थाळ्या घेऊन या.